लालबागचा डबा, गिरगावची बाटली

लालबाग,
१२ एप्रिल २०२५

विनीत,

आशीर्वाद शेवटी बघू, मन झालं तर.

काल फोनवर तू म्हणालास, औषधांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नकोस, तो फोन ऑफिसचा आहे. म्हणून हे कागदावर. हा कागद कुणाच्या ऑफिसचा नाही, आपल्या मसाल्याच्या दुकानातला आहे. मिरचीने शिंका आल्या तर बहिणीला नावं ठेव, तशीही ठेवतोसच.

तुझं सामान चाळीतल्या स्वप्नीलच्या भावाबरोबर येतंय. मसाला आहे, सोडे आहेत, कोकमं आहेत. आणि डब्याच्या तळाला, मसाल्याच्या पिशवीखाली, लेकीसाठी, सॅशासाठी, तुझ्या त्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या. "नेहमीच्याच दे, गुलाबी," म्हणालास. खाली शंतनुच्या मेडिकलमध्ये गेले, त्याने चिठ्ठी विचारली नाही, कुणासाठी हेही विचारलं नाही. पेपरमिंट द्यावं तशा काढून दिल्या.

आता ऐक. त्याच दिवशी दुपारी अनुजाने तुझं भाषण टीव्हीवर लावून दिलं होतं. माझ्या लेकीला मामाचं फार कौतुक. तिने शेजारच्या मीनाक्षीलाही बोलावून आणलं. तू मोठ्या पडद्यासमोर सूट घालून उभा, मागे जगातल्या सगळ्या श्रीमंत देशांची नावं, कुणासमोर हिरवा ठिपका, कुणासमोर पिवळा, कुणासमोर लाल. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध कुठला देश किती पुढे गेला ते तुमचं ऑफिस दरवर्षी मोजतं, तू त्या कामाचा प्रमुख, आणि तू राहतोस तो देश पुन्हा हिरव्यात. इंग्रजी मला सगळं कळत नाही, पण अनुजा सांगत होती. तू म्हणालास, आमच्याकडे चिठ्ठीशिवाय एक गोळी मिळत नाही आणि लोकांनाही ती नको असते. त्यावर टाळ्या पडल्या. मीनाक्षीनेही वाजवल्या. आणि माझ्या पदराच्या गाठीला तुझ्या पट्ट्या.

मला तेव्हा काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. किळस आली. राग नव्हे. राग तुझ्यावर लहानपणापासून येतो, त्याची मला सवय आहे. हे वेगळं होतं. ताटात केस सापडल्यावर घास तोंडातून बाहेर काढावा लागतो, तसं.

मागे तूच मला सांगितलं होतंस की हे मोजमाप तिकडच्या औषधांच्या दुकानांतल्या विक्रीवरून होतं. मग माझ्या डब्याच्या तळाशी जातं ते कुणी मोजतं? आपल्या चाळीतून तिकडे गेलेली तीन-चार घरं मला माहीत आहेत, आणि प्रत्येकाच्या बॅगेत लोणच्याबरोबर एक कोर्स जातो. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवायचं, ही तर आपली रीतच. तुमच्या हिरव्या ठिपक्याखाली आमचा मसाला सांडलाय, पुसून बघ.

इथे आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या मागे, अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या आहेत. ताप उतरला की तुझे भाऊजी, आनंदा, गोळी बंद करतात आणि उरलेली "पुढच्या वेळेला" ठेवतात. तुलाही मीच वर्षानुवर्षं पाठवत आले, तू मागितल्यास, मी दिल्या. पण आनंदा लालबागच्या नाक्यावर उभा राहून कुणाला भाषण देत नाही.

तरी या वेळी पाठवल्या. कारण तू म्हणालास, पोरीला लघवीची जळजळ परत सुरू झालीय, डॉक्टर "पाणी प्या, वाट बघू" म्हणतो आणि ती रात्रभर रडते. रडणाऱ्या पोरीपुढे कुणाचं काय चालतं. फक्त एक कर. डॉक्टरला सांग की देतोयस.

ताई

---

लालबाग,
२१ मे २०२५

विनीत,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्याचा उपयोग संपलेला असेल. हेच सगळं मी सकाळी फोनवर बोलले आणि तू "मीटिंग आहे" म्हणून ठेवलास. तरी लिहून ठेवतेय. उद्या "ताई काही बोलली नव्हती" असं व्हायला नको.

सॅशा हॉस्पिटलात आहे. ताप चढतोय, उतरतोय, परत चढतोय. पाठ दुखते म्हणते. डॉक्टर तपासणीवर तपासणी करतायत आणि त्यांच्या तपासणीत जंतू काही उगवतच नाही, म्हणून ते आता भलतीकडेच शोधतायत, जंतूचं औषधही थांबवायचा विचार करतायत. हे सगळं तूच सांगितलंस. आणि मग आवाज खाली नेऊन हेही सांगितलंस, की त्यांनी तुम्हा दोघा नवराबायकोला समोर बसवून विचारलं, घरी काही दिलं होतं का, कुठलंही अँटिबायोटिक, कुठूनही. आणि तू नाही म्हणालास.

मी विचारलं, का रे? तुझे शब्द माझ्या कानातून जात नाहीत.

"ताई, मी त्या कामाचा प्रमुख आहे. उद्या पेपरात आलं तर लोक काय म्हणतील? जोॲनाने तुला विचारलं तर तूही नाही म्हण."

मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. समोरच्या गटारात कोणीतरी सडलेली कोथिंबीर टाकली होती, तिचा वास मला त्या वेळी बरा वाटला.

तुला किती गोळ्या दिल्यास विचारलं तर म्हणालास, "ताप उतरेपर्यंत." म्हणजे आनंदासारखंच. एवढी विद्या घेतलीस, एवढ्या देशांना मार्क दिलेस, आणि घरात तुझ्या फ्रिजच्या दारातही अंड्यांच्या मागे तेच.

मी काही डॉक्टर नाही. पण दोन दिवस मुरलेल्या मिरचीत नंतर पाणी घातलं तर तिखटाचा अंदाज येत नाही, एवढं मला कळतं. तू आधीच गोळ्या घालून जंतूला अर्धमेला केलास, तो त्यांच्या काचेच्या ताटलीत कसा उगवणार? तू हे माझ्यापेक्षा शंभर पटीने जास्त जाणतोस. म्हणूनच मला तुझी शिसारी येते. न कळून चुकणाऱ्याची येत नाही.

जोॲनाचा नंबर माझ्याकडे नाही हे तुला ठाऊक आहे. तुमच्या लग्नाच्या जेवणात आपल्या माणसांना मागच्या टेबलांवर बसवलं, आईने पान टाकून उठणं पसंत केलं, तेव्हापासून त्या घराशी माझं बोलणं नाही. त्या जुन्या भांडणाच्या आडोशाला तू आज निर्धास्त बसला आहेस. बस. पण तिचं माहेर, गिरगाव, काही समुद्रापलीकडे नाही.

ताई

---

लालबाग,
२३ मे २०२५

विनीत,

काल गिरगावात गेले होते. तुझ्या सासूकडे.

वाडीत शिरताना एकदा परत फिरले होते, खोटं कशाला बोलू. वाडीच्या तोंडाशी आता टॉवर उठतोय, पत्रे ठोकलेत, त्याच्या मागे व्हायोलाआंटींचं लाकडी घर अजून तसंच आहे. दारातच त्या बसल्या होत्या, अंगणात मिरच्या वाळत होत्या. त्यांच्या बॉटल मसाल्याचा हंगाम आणि माझ्या मालवणी मसाल्याचा हंगाम एकच. मी आधी मिरच्या बघितल्या आणि मग त्यांचं तोंड. त्यांनीही माझे हात बघितले, माझ्या नखांत हळद होती.

त्या उठल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "सॅशाचं ना? ये, बस."

मी सगळं सांगितलं. पट्ट्या, डबा, तळ, तू डॉक्टरला नाही म्हणालास ते, मला काय बोलायला सांगितलंस ते. सांगताना मला तुझी लाज वाटत होती. परक्या बाईसमोर आपल्या भावाची घाण काढायची म्हणजे आपलेही हात बरबटतात. मला वाटलं, आता या बाईच्या हाती आयुष्यभराचं शस्त्र दिलं.

व्हायोलाआंटी उठून आत गेल्या आणि एक बाटली घेऊन आल्या. बियरची जुनी बाटली, मसाला ठासून भरलेली, तोंडाला बूच आणि कापड. त्यावर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, तिकडे पाठवायला तयार. त्यांनी माझ्यासमोर ते वर्तमानपत्र सोडलं. आतून पट्ट्या पडल्या. पांढऱ्या. वेगळं औषध, कंपनी वेगळी, दुकान गिरगावचं.

"मी पण पाठवते, कमल," त्या म्हणाल्या. "जोॲना बोलली, मम्मी, विनीतला कळायला नको. तो घरात पण लेक्चर देतो. त्याला कळलं तर बोलेल, माझ्या घरात हे नाय चालणार. म्हणून ती गपचूप देते. तो ऑफिसला गेला की."

तुला कळतंय ना मी काय लिहितेय? तू लालबागच्या डब्यातून गुलाबी देत होतास, बायकोपासून लपवून, कारण तू प्रमुख. ती गिरगावच्या बाटलीवरून काढून पांढरी देत होती, नवऱ्यापासून लपवून, कारण तू प्रमुख. एक ताप उतरेपर्यंत, दुसरी रडं थांबेपर्यंत. एकच पोर, एकच आजार. मग दोघं डॉक्टरसमोर शेजारीशेजारी बसून "नाही" म्हणालात, आणि दोघांनाही वाटलं की खोटं आपण एकटेच बोलतोय.

आणि आम्ही दोघी इथे, एकमेकींचं तोंड बघायचं नाही म्हणून हटून बसलेल्या, एकाच पोरीला दोन बाजूंनी तेच पाजत होतो. आमचं बोलणं असतं तर निदान बोलता बोलता निघालं असतं, मी हे पाठवते, तू काय पाठवतेस. सासरमाहेरच्या बायका एवढं तरी बोलतातच. हसू यायला हवं होतं आम्हाला. आलं नाही. व्हायोलाआंटींनी त्या पट्ट्या उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या, आणि हात परकराला पुसले.

मग त्यांनी जोॲनाला फोन लावला, स्पीकरवर. तू तिथे नव्हतास. तुझी कसलीशी परिषद होती, तिथे तू पुढच्या वर्षाचे ठिपके ठरवत होतास. पोर हॉस्पिटलात आणि तू ठिपके ठरवत होतास, हे मी दोनदा लिहिलं, कारण एकदा लिहून माझं समाधान झालं नाही.

व्हायोलाआंटींनी तिला आधी आपलं सांगितलं. मम्मीने तिसऱ्याला कसं सांगितलं म्हणून ती चिडली. मग मी बोलले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी म्हटलं, जोॲना, मी कमल, लालबागहून, विनीतलाही मी पाठवते, तोही देतो.

पलीकडून हॉस्पिटलातली कसली तरी गाडी ढकलत नेल्याचा आवाज तेवढा आला.

"ताई," ती म्हणाली, "तो पण?"

एवढंच. मग म्हणाली, मी डॉक्टरांकडे जाते, पट्ट्यांचे फोटो पाठवा, दोन्ही. आम्ही दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून फोटो काढला. व्हायोलाआंटींना फोटो पाठवता येत नव्हता आणि मला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, पण गेला एकदाचा.

निघताना त्यांनी मला बॉटल मसाला दिला. मी घेतला. वास चांगला आहे, दगडफूल जरा जास्त.

ताई

---

लालबाग,
२ जुलै २०२५

विनीत,

तू मला ब्लॉक केलंस. अनुजाने समजावून सांगितलं, नाहीतर मी रोज फोन लावून बघत होते.

जोॲना व्हायोलाआंटींना सांगते, व्हायोलाआंटी मला. मी आता दर आठवड्याला गिरगावात जाते, तुला हे आवडणार नाही. खरं कळल्यावर डॉक्टरांनी सगळं थांबवून परत तपासलं आणि दोनेक दिवसांत जंतू सापडला. मूत्रपिंडात बसला होता, रक्तात उतरला होता. नेहमीच्या कुठल्याच औषधाला जुमानेना. मग ते जुनं, कडक इंजेक्शन द्यावं लागलं. पोर वाचली. पण त्या इंजेक्शनाने कान बिघडतात म्हणे, आणि तिचे बिघडले. बारीक, चिरके आवाज तिला आता ऐकू येत नाहीत. पक्षी नाहीत, बेल नाही, कुकरची शिट्टी नाही. नऊ वर्षांची आहे ती.

आणि तू जोॲनाला म्हणालास की ताईने माझी इज्जत घालवली.

यावर लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा कागद फाडला. जे शब्द आले ते आपल्या आईने या घरात कधी उच्चारले नव्हते.

इथलं सांगते. फ्रिजचं दार रिकामं केलं. त्या अर्धवट पट्ट्या कुठे टाकायच्या कळेना, म्हणून शंतनुकडे नेऊन दिल्या, म्हटलं तू विल्हेवाट लाव. त्याने उलटसुलट करून तारीख बघितली आणि कात्रीने कापलेल्या त्या पट्ट्या सरळ मागच्या फळीवर ठेवल्या, गिऱ्हाइकासाठी. "चालतात हो काकी, तारीख आहे ना अजून." मी त्याच्या हातातून ओढून घेतल्या. अजून पिशवीत बांधून माळ्यावर आहेत. घाण सगळीकडे आहे, विनीत. फरक एवढाच की शंतनु स्वतःला हिरवा ठिपका देत नाही.

ताई

---

लालबाग,
२४ ऑक्टोबर २०२५

विनीत,

काल भाऊबीज. तुझा फोन येणार नाही हे धरूनच चालले होते. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळून आले. टॉवरच्या कडेला नखाएवढा दिसत होता. निरांजन हातात होतं आणि फोन वाजला.

तुझा आवाज ऐकून मी विरघळले, हे कबूल करते. तू "ताई" म्हणालास आणि माझे डोळे भरले. म्हटलं, आला माझा भाऊ परत. आनंदाला हाताने खूण करून सांगितलं की विनीत आहे. आनंदाने टीव्हीचा आवाज बंद केला.

मग तू बोलत गेलास. की अहवाल आला. की आपला देश पुन्हा हिरव्यात. आपला कुठला ते मी विचारलं नाही, सणाचा दिवस होता. मग तू सांगितलंस, मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस, ते तुझ्याच शब्दांत लिहिते म्हणजे तुला परत वाचता येईल.

"आणि ताई, सॅशाची केस आकड्यात आलीच नाही. परदेशाशी संबंध असलेले पेशंट यंदापासून आम्ही वेगळे काढतो, ते देशाच्या आकड्यात धरत नाही. माझीच सूचना होती. म्हणजे कुणी काही विचारायचा प्रश्नच नाही."

तू खूश होतास. मला तुझ्या श्वासातून कळत होतं.

तू पुढे म्हणालास की डॉक्टरांनी तिला सध्या इंडियाला नेऊ नका म्हणून सांगितलंय, तिकडून असले जंतू येतात. मग ओवाळणी ऑनलाइन पाठवतो म्हणालास आणि ठेवलास. ती आली. मी अनुजाकडून परत पाठवली, मिळाली असेल.

सॅशा तिकडे जन्मली. तिकडच्या शाळेत जाते, तिकडची भाषा बोलते, आपल्याशी बोलताना अडखळते. इकडे आली ती एकदाच, तान्ही, तुझ्या खांद्यावर झोपलेली. लालबाग तिने डोळे उघडून पाहिलेलं नाही, गिरगाव पाहिलेलं नाही. तिला गोळ्या इथून कुणी येऊन भरवल्या नाहीत, तुम्ही दोघांनी तिकडच्या स्वयंपाकघरात उभं राहून भरवल्या. आणि त्या पोरीचे कान गेल्यावर तिच्या बापाने तिला उचलून "बाहेरची" म्हणून बाजूला ठेवलं, म्हणजे ठिपका हिरवा राहील. मी आयुष्यात मसाल्यात लाकडाचा भुसा घालणारे पाहिलेत, विटेची पूड घालणारे पाहिलेत. त्यांच्या हातचं मी पाणीही पीत नाही. पण त्यांनी आपल्या पोरीला कधी भेसळ म्हणून बाहेर काढलं नाही.

कालपासून तोंडाची कडवट चव जात नाही. सकाळी फराळ समोर होता, खाववेना.

आज दुपारी गिरगावात गेले आणि व्हायोलाआंटींना सगळं सांगितलं. त्या उठून आतल्या खोलीतली खाट झाडायला लागल्या. मी विचारलं, काय करताय? म्हणाल्या, "पोरीला झोपायला लागेल ना जागा. नाताळात." मग आम्ही दोघींनी मिळून गादी उन्हात घातली. जोॲनाशी बोलणं झालं आहे. ती रजा घेतेय, तिकीट काढतेय. तुला ती सांगेलच, पण मीही सांगते, म्हणजे दोन बाजूंनी तुला एकच गोष्ट कळेल. आता या घरांत असंच चालणार आहे.

डॉक्टरांचं म्हणशील, तर जोॲनाने त्यांना विचारलंय. पूर्ण बरी झाल्यावर, डिसेंबरात, न्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. जंतू इकडेच मिळतात असं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते तू जोडलंस.

तेव्हा तू अडवू नकोस. तुझ्या हिशेबात ती तिकडची नाही, असं तूच लिहून दिलंस, सहीनिशी. ठीक आहे. तुम्ही मोजली नाहीत, आम्ही मोजली. चार दिवस गिरगावात राहील, चार दिवस लालबागला. आजारी पडली तर डॉक्टरकडे नेऊ, आणि त्याने विचारलं तर खरं सांगू. दुकानात माझ्या शेजारी बसवीन. बारीक आवाज तिला ऐकू येत नाहीत, पण मसाला कुटायच्या डंकाचा आवाज जाड असतो, जमिनीतून पायात येतो. तो तिला नक्की कळेल.

येताना तिच्या बॅगेत काही भरू नकोस.

आशीर्वाद सॅशाला. तुझे माझ्याकडेच राहिलेत.

ताई